पाव वजा, प्रथिने जमा

पती-पत्नी दोघेही नोकरी करणाऱ्या घरांत सायंकाळी सातच्या सुमारास एकच प्रश्न उभा राहतो : आज रात्रीच्या जेवणाला काय करावे? पोळी-भाजी, वरण-भात हा चौरस आहार सर्वांना मान्य असतो. परंतु दिवसभराच्या श्रमानंतर कणीक मळण्याचे त्राण उरलेले नसते. अशा वेळी बाजारातील झटपट पदार्थांकडे पावले वळतात. चंदीगडसारख्या नियोजित शहरात तर ही पावले फार चालावीही लागत नाहीत. ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यानुसार साधारण ८०० मीटर रुंद व १२०० मीटर लांब असे सेक्टर आखले गेले आणि सेक्टरमधील रहिवाशांना दैनंदिन गरजेच्या वस्तू पायी अंतरावर मिळाव्यात, अशी बाजारपेठेची रचना झाली. दूध, भाजी, औषधे जितकी जवळ, तितकाच बर्गरही जवळ!

बदलीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून चंदीगडला गेलेल्या कुटुंबांनाही हा पदार्थ परका वाटत नाही. भारतात मॅकडोनाल्ड्सचे पहिले उपाहारगृह १९९६ साली दिल्लीत सुरू झाले आणि पुढे आलू टिक्कीचा बर्गर घरोघरी परिचित झाला. उत्तरेत चाटच्या गाडीवर पूर्वापार मिळणारी टिक्की मैद्याच्या पावात जाऊन बसली, इतकेच. मराठी माणसाचा वडापाव याच घराण्यातला. दोहोंतही बटाटा आत, पाव बाहेर, म्हणजेच पिष्टाच्या वेष्टनात पुन्हा पिष्ट, अशी मांडणी असते.

हाच बर्गर पावाविना, एका खोलगट वाडग्यात मांडून खाण्याची पद्धत आता अनेक देशांत रूढ झाली आहे. तिला 'बर्गर बाऊल' असे म्हणतात. परतलेला खिमा अथवा टिक्की, कच्च्या भाज्या, आंबट लोणचे आणि वरून चटकदार सॉस, असे तिचे स्वरूप असते. ही पद्धत सोपी आहे, त्याचप्रमाणे ती आरोग्यदायीही ठरू शकते. मात्र पावाच्या जागी काय येते, यावर सारे अवलंबून आहे.

आकडे काय सांगतात?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीच्या पहिल्या टप्प्याचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. त्या टप्प्यात तीन राज्ये व चंदीगड यांचा समावेश होता. प्रौढांतील मधुमेहाचे प्रमाण महाराष्ट्रात ८.४ टक्के, तर चंदीगडमध्ये १३.६ टक्के, म्हणजे चौघांत सर्वाधिक आढळले. २०२३ साली संपूर्ण देशाचे चित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा देशाची सरासरी ११.४ टक्के होती. चंदीगडचा आकडा होता २०.४ टक्के आणि गोव्याचा २६.४ टक्के.

याच पाहणीतील आहारविषयक निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, असे त्यांत दिसून आले. दिवसभराच्या ऊर्जेपैकी केवळ ५ टक्के ऊर्जा कर्बोदकांऐवजी वनस्पतिजन्य किंवा दुग्धजन्य प्रथिनांतून घेतल्यास मधुमेह आणि मधुमेहपूर्व अवस्था यांचा संभव कमी असल्याचेही आढळले. कर्बोदकांचे एकूण प्रमाण न घटवता नुसते धान्य बदलल्याने, म्हणजे तांदळाऐवजी गहू किंवा भरडधान्ये घेतल्याने, असा लाभ दिसला नाही. पांढऱ्या पावाऐवजी तपकिरी पाव घेऊन समाधान मानणाऱ्यांनी ही बाब ध्यानी घेण्याजोगी आहे.

५ टक्के म्हणजे नेमके किती? २००० कॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे १०० कॅलरी. एक ग्रॅम कर्बोदकापासून साधारण ४ कॅलरी मिळतात आणि एक ग्रॅम प्रथिनापासूनही तितक्याच. त्यामुळे हा हिशेब २५ ग्रॅमवर येतो. बर्गरच्या मध्यम आकाराच्या एका पावात जवळजवळ एवढीच कर्बोदके असतात. म्हणजेच एक पाव वजा करून तेवढीच प्रथिने जमा केली, की अपेक्षित अदलाबदल एका जेवणात साधते. अर्थात, ही आरोग्याची हमी नव्हे. रोजच्या आहाराची दिशा मात्र यावरून ठरवता येते.

पाव काढला, की काय बदलते?

बर्गरमधील पाव तीन कामे करीत असतो. तो आतील पदार्थ धरून ठेवतो, त्यांचा रस शोषून घेतो आणि खारट-तिखट सारणाला आपल्या सौम्य चवीने तोलून धरतो. पाव काढून टाकताना या तिन्ही गोष्टींचा विचार करावा लागतो.

पहिली गोष्ट गृहिणीच्या सोयीची आहे. पावात बसण्यासाठी टिक्की गोल आणि घट्ट असावी लागते. त्याकरिता तिच्यात बटाटा, ब्रेडचा चुरा किंवा मैदा मिसळावा लागतो. वाडग्यात मात्र टिक्कीला आकाराची गरजच नसते. सारण मोकळेच परतले तरी चालते. त्यामुळे बांधणीसाठी घातले जाणारे पिष्ट आपोआप गळते आणि टिक्क्या थापण्याचा वेळही वाचतो. पाव काढला पण बटाट्याची टिक्की तशीच ठेवली, तर मात्र निम्मेच काम होते.

दुसरी गोष्ट रसाची. शोषून घ्यायला पाव नसल्याने टोमॅटो-काकडीचे पाणी वाडग्याच्या तळाशी साचते. म्हणून भाज्या धुऊन पूर्ण कोरड्या कराव्यात, काकडीचा बियांचा भाग काढावा आणि सॉस घट्ट ठेवावा. तिसरी गोष्ट मिठाची. पावाचा सौम्यपणा नसल्याने नेहमीच्या अंदाजाने घातलेले मीठ अधिक लागते. सारणात एरवीपेक्षा कमी मीठ घालावे. दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत मीठ ठेवण्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही त्यामुळे पाळणे सोपे होते.

मिसळीचा धडा

वाडग्यातील जेवण ही कल्पना मराठी स्वयंपाकघराला नवी नाही. मिसळीचे उदाहरण घ्यावे. तळाशी कडधान्याची उसळ, तीवर झणझणीत तर्री, मग कुरकुरीत फरसाण, कच्चा कांदा, कोथिंबीर आणि शेवटी लिंबू. मऊ, कुरकुरीत, उष्ण, थंड, तिखट, आंबट हे सारे एका घासात यावे, हेच तिचे रहस्य. पाव सोबत असला, तरी मिसळीची चव पावावर अवलंबून नसते. बर्गरच्या वाडग्यालाही हाच नियम लागू पडतो. नुसती कोशिंबीर आणि वर खिमा, एवढ्याने तो सजत नाही. त्यात आंबट आणि कुरकुरीत घटक हवेतच.

यासाठी लागणारे जिन्नस चंदीगडमध्ये सहज मिळतात. सोयाबीनच्या वड्यांना तेथे 'न्यूट्री' म्हणतात आणि न्यूट्री-कुलचा हा तेथील रस्त्यावरचा आवडता पदार्थ आहे. १९६६ पासून पंजाब व हरियाणा या दोन्ही राज्यांची राजधानी असल्याने पंजाबच्या 'वेरका' आणि हरियाणाच्या 'वीटा' या दोन्ही सहकारी दूधसंस्थांचे पनीर शहरात मिळते. भाजीसाठी 'अपनी मंडी' आहे. शेतकऱ्याने आपला माल मध्यस्थाविना थेट ग्राहकाला विकावा, या हेतूने पंजाब मंडी बोर्डाने १९८७ साली सुरू केलेला हा उपक्रम. महाराष्ट्रातील वाचकांना हेच सारे आठवडी बाजारात आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळू शकते.

साहित्य (चार जणांसाठी)

सारणासाठी : सोयाबीनच्या वड्यांचा बारीक चुरा १०० ग्रॅम, पनीर २०० ग्रॅम, राजमा १०० ग्रॅम (भिजवून शिजवलेला), मध्यम कांदे २, टोमॅटो २, आले-लसणाचे वाटण १ मोठा चमचा, धने-जिरे पूड २ लहान चमचे, मिरपूड, लाल तिखट व मीठ चवीनुसार, तेल २ मोठे चमचे.

तळासाठी : बारीक चिरलेला कोबी ४ वाट्या, गाजरे २, काकड्या २.

आंबट कांद्यासाठी : लहान कांदे ६ ते ८ किंवा मोठा कांदा १, व्हिनेगर अर्धी वाटी, पाणी अर्धी वाटी.

सॉससाठी : पाणी निथळलेले घट्ट दही १ वाटी, मोहरीची पूड १ लहान चमचा, लिंबाचा रस, मिरपूड.

वरून घालण्यासाठी : भाजलेले उडदाचे पापड २, भाजलेले शेंगदाणे २ मोठे चमचे.

कृती

१. कांदा चिरून व्हिनेगर, पाणी आणि चिमूटभर मीठ यांच्या मिश्रणात बुडवून ठेवावा. पंजाबी ढाब्यावरील सिरक्याच्या कांद्याचाच हा प्रकार. बर्गरमधील लोणच्याची उणीव तो भरून काढतो.

२. सोयाबीनचा चुरा गरम पाण्यात दहा मिनिटे भिजवावा व घट्ट पिळून घ्यावा. पाणी राहिल्यास तो परतण्याऐवजी शिजतो आणि त्याचा उग्र वासही टिकून राहतो.

३. मोहरीची पूड थोड्या गार पाण्यात फेसावी. दळलेल्या मोहरीला पाण्याचा स्पर्श झाला, की तिच्यातील विकरामुळे झणका सुटतो. गरम पाण्याने हे विकर निकामी होते, म्हणून पाणी गारच घ्यावे. फेसलेली मोहरी दह्यात मिसळून लिंबू व मिरपूड घालावी. विकतच्या मेयोनीजची आठवण होणार नाही, असा सॉस तयार होतो.

४. पसरट कढईत तेल तापवून कांदा गुलाबी परतावा. आले-लसणाचे वाटण व पिळलेला चुरा घालून आच मोठी करावी. चुरा कढईभर पसरून तीन-चार मिनिटे न हलवता ठेवावा, मग उलटावा. बर्गरची ओळखीची खमंग चव या तपकिरी रंगातूनच येते. सतत ढवळल्यास ती येत नाही.

५. बारीक चिरलेला टोमॅटो, मसाले व शिजलेला राजमा घालून राजमा किंचित ठेचावा. पाणी आटले की कुस्करलेले पनीर घालून एका मिनिटात आच बंद करावी. पनीर फार वेळ परतल्यास चिवट होते.

६. वाडग्यात कोबी, गाजर व काकडी घालावी. त्यावर गरम सारण, मग आंबट कांदा, सॉस आणि अगदी शेवटी चुरलेला पापड व शेंगदाणे घालावेत. थंडीच्या दिवसांत कच्चा कोबी नकोसा वाटल्यास तो दोन मिनिटे कढईत परतून घ्यावा.

एका वाडग्यातून साधारण २५ ग्रॅमहून अधिक प्रथिने मिळतात. भारतीय प्रौढांनी दररोज शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, अशी शिफारस आहे. ६० किलो वजनाच्या व्यक्तीला हे प्रमाण सुमारे ५० ग्रॅम पडते. त्यातील निम्मा वाटा या एका जेवणात मिळतो. मांसाहारी कुटुंबांना सोयाबीनऐवजी ४०० ग्रॅम कोंबडीचा खिमा वापरता येईल. तो आतून जराही गुलाबी राहणार नाही, असा पूर्ण शिजवावा.

रविवारची गुंतवणूक

हे जेवण अर्ध्या तासात होते, ते पूर्वतयारी असेल तरच. सुटीच्या दिवशी राजमा शिजवून हवाबंद डब्यात ठेवल्यास शीतकपाटात तीन दिवस चांगला राहतो. आंबट कांदाही आधी करून ठेवता येतो. दही सकाळी कामावर जाताना फडक्यात बांधून शीतकपाटातच टांगले, की सायंकाळी तयार असते. तयारी असलेल्या घरात बाहेरून मागवण्याचा मोह कमी होतो, आणि महिनाअखेरीस घरखर्चाची वही पाहताना त्याचा प्रत्यय येतो.

काही दक्षता

राजमा किमान आठ तास भिजवावा, ते पाणी टाकून द्यावे आणि नव्या पाण्यात प्रेशर कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवावा. अर्धकच्च्या राजम्यातील नैसर्गिक विषद्रव्यामुळे उलट्या व पोटदुखी होऊ शकते. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी रात्रीची कर्बोदके एकाएकी कमी करू नयेत. औषधाची मात्रा तीच राहिल्यास रक्तशर्करा धोकादायकरीत्या उतरण्याचा संभव असतो. हा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीही प्रथिने वाढवण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा. वाढत्या वयाच्या मुलांना मात्र ऊर्जेची गरज अधिक असते. त्यांच्या वाडग्यासोबत एखादा फुलका अवश्य द्यावा.

सर्वांनी पाव कायमचा सोडावा, असा याचा अर्थ नाही. मित्रमंडळींसमवेत खाल्लेल्या बर्गरचा आणि पावसात खाल्लेल्या वडापावचा आनंद आपल्या जागी आहेच. परंतु आठवड्यातील दोन-तीन धावपळीच्या संध्याकाळी हा वाडगा जेवणाच्या टेबलावर आला, तर मुलांना बर्गरची चव मिळेल, ज्येष्ठांना पथ्य सांभाळल्याचे समाधान लाभेल आणि स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला सर्वांसोबत बसून जेवता येईल.