प्रसन्नता कशाला म्हणावी?

संकटात प्रसन्न असावे, श्रद्धा ढळू देऊ नये, हा उपदेश आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यात एक वैगुण्य असे की, तो बहुधा सुखात असलेला मनुष्य दुःखात असलेल्याला करतो. ज्याच्या घरावर नुकताच घाला पडला आहे त्याने हसतमुख राहावे ही अपेक्षा अशक्य तर खरीच, पण काहीशी निष्ठुरही आहे. म्हणून ‘प्रसन्न’ ह्या शब्दाचा अर्थच प्रथम नीट पाहू. संस्कृतात हे विशेषण पाण्यालाही लावतात. गढूळ पाणी ढवळायचे थांबले, गाळ तळाशी बसला, की ते प्रसन्न झाले. गाळ नाहीसा झालेला नसतो; तो खाली असतो आणि वरचे पाणी पिण्याजोगे होते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ‘प्रसाद’ हा शब्दही चित्ताच्या ह्याच निर्मळपणाचा वाचक आहे. देवळात हातावर पडणाऱ्या प्रसादाशी असलेले त्याचे नाते मात्र आपण विसरून गेलो.

ह्या अर्थाची प्रसन्नता ज्याने फार कठीण जागी साधली, अशा एका मराठी माणसाची आठवण येथे करावीशी वाटते. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर अठराव्या शतकात बसला आणि १८५४ साली त्यांचे राज्य खालसा झाले. पण त्या अंमलाबरोबर तिकडे गेलेली मराठी कुटुंबे तेथेच रुजली. रायपूरचा तात्यापारा ही त्यांच्या जुन्या वस्तीची एक खूण. ‘पारा’ म्हणजे तिकडच्या बोलीत मोहल्ला. ह्या तात्यापाऱ्यात माधवराव सप्रे राहत. जन्म १८७१ चा, मातृभाषा मराठी, आणि आयुष्यभराची लेखनसेवा हिंदीची. महाराष्ट्रात त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही, हे आपले दुर्दैव!

१९०० साली त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले. ते तीन वर्षे चालले आणि पैशाअभावी बंद पडले. पुढे १९०७ साली नागपुराहून लोकमान्यांच्या विचारांचे ‘हिंदी केसरी’ सुरू केले. १९०८ च्या जुलैत लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ऑगस्टमध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली सप्रेही पकडले गेले. येथवरची हकीकत त्या काळच्या अनेक संपादकांसारखीच आहे. पण वडील बंधूंच्या निर्वाणीच्या आग्रहापुढे सप्र्यांचे मन वाकले. त्यांनी सरकारला माफीपत्र लिहून दिले आणि ते सुटले.

ज्यांना गुरुस्थानी मानले ते मंडालेच्या तुरुंगात, आणि आपण माफी मागून घरी! परक्याने केलेला अन्याय सोसताना मनुष्याला निदान स्वतःचा आधार असतो. येथे तोही उरला नव्हता. दैवाने लादलेल्या दुःखात प्रसन्न राहणे अवघड आहे. परंतु जेथे आपणच आपल्याला उणे पडलो तेथे ते शतपट अवघड, असे मला वाटते. अशा प्रसंगी माणसे दोन वाटांनी जातात. काही जण स्वतःचे समर्थन करीत बसतात, काही जण स्वतःला कोसत बसतात. दोन्ही वाटांवर पाणी ढवळलेलेच राहते.

सप्रे सार्वजनिक जीवनातून दूर झाले, रामदासी पंथातील गुरूंच्या आश्रयाला गेले आणि काही काळ माधुकरी मागून राहिले. पण ते वैरागी होऊन बसले नाहीत, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्यांनी समर्थांचा ‘दासबोध’ हिंदीत आणला. रायपुरात मुलींच्या शिक्षणासाठी शाळा काढली. आपल्या नावाला लागलेला डाग धुण्याचा खटाटोप करण्याऐवजी दुसऱ्याचे शब्द आपल्या लेखणीने पुढे नेण्याचे काम त्यांनी पत्करले. श्रद्धा म्हणजे आपले भले होईलच अशी खात्री नव्हे. आपले काय व्हायचे ते होवो, पण हे काम करण्यासारखे आहे, हा भरवसा म्हणजे श्रद्धा. अनुवादाच्या कामात तर ‘मी’ला जागाच थोडी. मूळ लेखकाचे वाक्य समोर असते, आणि त्यापुरता तरी मनातला गाळ ढवळायला हात मोकळा नसतो.

मंडालेच्या कोठडीत १९१०-११ च्या हिवाळ्यात लोकमान्यांनी ‘गीतारहस्य’ पेन्सिलीने लिहून काढले. १९१४ साली ते सुटले, १९१५ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. आणि तो हिंदीत कोणी आणला? माधवराव सप्रे ह्यांनी. गुरूने न वाकता भोगलेल्या शिक्षेचे ते फळ. त्याचे एकेक पान उलगडताना शिष्याला आपल्या त्या माफीपत्राची आठवण झाली नसेल असे म्हणवत नाही. तरी शेकडो पृष्ठांचे ते काम त्यांनी तडीस नेले आणि १९१६ मध्ये हिंदी ‘गीतारहस्य’ वाचकांच्या हाती पडले. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या महाभारतविषयक ग्रंथाचाही त्यांनी अनुवाद केला. १९२० साली जबलपुरात ‘कर्मवीर’ सुरू झाले त्यामागे त्यांची प्रेरणा होती. संपादकाच्या जागी मात्र त्यांनी माखनलाल चतुर्वेदींना बसविले. १९२४ साली देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २३ एप्रिल १९२६ रोजी, रायपुरात त्यांचे निधन झाले. गंगायमुनेच्या काठच्या ज्या हिंदी वाचकांनी लोकमान्यांचा कर्मयोग वाचला, त्यांच्या कानी तो तात्यापाऱ्यातल्या ह्या माणसाच्या शब्दांत पडला.