तेल संपत नाही, दगडाला धरून बसतं

जमिनीखालचं तेल म्हटलं की डोळ्यांसमोर एखादं भूमिगत तळं येतं. पण आमच्या नगर जिल्ह्यातली (आता अहिल्यानगर) विहीर आठवा. तिचं पाणी तळ्यातून येत नाही, मुरूम आणि काळ्या पाषाणाच्या भेगांमधून झिरपतं. तेलही असंच दगडात असतं, बऱ्याचदा केसाहून बारीक छिद्रांमध्ये. नगरच्या बेसाल्टमध्ये ते मिळत नाही. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर, 1974 साली सापडलेल्या मुंबई हायमध्ये मिळतं. तिथला मुख्य दगड आहे चुनखडी.

सुरुवातीला तेल दाबामुळे वर येतं. दाब उतरला की एका विहिरीतून पाणी आत ढकलायचं आणि दुसरीतून तेल घ्यायचं. मुंबई हायमध्येही 1980 च्या दशकापासून समुद्राचं पाणी असं सोडलं जातं. तरीही जगभरात ढोबळमानाने दोन तृतीयांश तेल खालीच राहतं. का?

दिवाळीच्या पणतीचं उदाहरण घ्या. नवी पणती तेल पिते, म्हणून आपण ती आधी पाण्यात भिजवतो. छिद्रं पाण्याने भरली की तेल फारसं आत शिरत नाही. याउलट जुन्या, तेलकट पणतीवर पाण्याचा थेंब मण्यासारखा बसतो. माती तीच, पण आधी तिला काय चिकटलं यावर तिचा कल ठरला. दगडाच्या या कलाला आम्ही वेटेबिलिटी म्हणतो. तेलात बुडवलेल्या दगडावर पाण्याचा थेंब ठेवून त्याचा कोन मोजतात. तो 90 अंशांपेक्षा बराच कमी असेल तर दगड पाणीप्रेमी, बराच जास्त असेल तर तेलप्रेमी.

पाणीप्रेमी दगड बारीक छिद्रांत पाणी आपणहून ओढून घेतो आणि तेल बाहेर ढकललं जातं. तेलप्रेमी दगडात पाणी मोठ्या वाटांनी थेट पुढच्या विहिरीत पोचतं. भिंतींवरचं तेल जागेवरच राहतं आणि पंप पाणीच उपसत बसतो.

मग पक्का पाणीप्रेमी दगड सगळ्यात चांगला? तसंही नाही. तिथे पाणी तेलाची धार मध्येच तोडतं आणि सुटे थेंब मोठ्या छिद्रांत अडकतात. प्रयोगशाळेतल्या बऱ्याच चाचण्यांत सर्वाधिक तेल मधल्या कलाच्या दगडातून मिळालंय.

चुनखडीवर बहुधा धन विद्युतभार असतो, तेलातल्या आम्लधर्मी रेणूंवर ऋण. ते घट्ट चिकटतात, म्हणून चुनखडीचे अनेक साठे तेलाकडे झुकलेले असतात. यावर एक उपाय म्हणजे आत सोडायच्या पाण्यातले क्षार बदलणं. चॉक दगडावरच्या प्रयोगांत समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटमुळे ही पकड ढिली होताना दिसली आहे. नॉर्वेच्या एकोफिस्क क्षेत्रात अशाच चॉकमध्ये 1987 पासून समुद्राचं पाणी सोडतात.

भारत 85 टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करतो. सापडलेल्या साठ्यातून थोडं जास्त तेल निघालं तरी फरक मोठा पडतो. म्हणून खालून काढलेला दगडाचा नमुना हवा लागू न देता जपावा लागतो. तो सुकला किंवा चुकीच्या द्रवाने धुतला गेला तर त्याचा कलच बदलतो, आणि त्यावर मांडलेलं साठ्याचं सगळं गणित चुकतं.