चांदीची जुनी काडीडबी घेताना

मंडळी, इथे इंग्लंडच्या जुन्या बाजारांत चांदीच्या 'व्हेस्टा केस' हमखास दिसतात. पूर्वीच्या काड्या कशावरही घासताच पेटत, म्हणून खिशात बाळगायची ही डबी. काडी ओढण्यासाठी तिच्या बुडाशी खाचा असतात. आम्ही बिडीकाडी न ओढणारेही हौसेने त्या जमवतो!

पैसे देण्याआधी भिंगातून शिक्के पाहावेत. चालता सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. अक्षरावरून वर्ष कळते. 'ईपीएनएस' लिहिले असेल तर तो नुसता मुलामा.

आणि हो, दिवाळीला देवाची भांडी घासतो तशी ती घासू नका. शिक्के झिजले की डबीची ओळख जाते आणि किंमतही.