पडण्याचे शिक्षण

टोकियोच्या बुनक्यो विभागात, कासुगा स्थानकाच्या शेजारी, कोदोकान ही ज्युदोची मूळ संस्था आहे. तिच्या सातव्या मजल्यावर ४२० चटया मावतील एवढ्या विस्तीर्ण दालनात नित्य अभ्यास चालतो आणि वरच्या सज्जात बसून तो पाहण्यास परकीय प्रवाशालाही मज्जाव नाही. जिगोरो कानो या एकविशीतल्या, शरीराने किरकोळ परंतु बुद्धीने प्रखर अशा तरुणाने १८८२ साली एका बौद्ध मंदिरात अवघ्या बारा चटया अंथरून ही संस्था स्थापिली, तेव्हा सामुराईंची सद्दी संपल्यामुळे जुजुत्सु ही जुनी विद्या जवळजवळ मोडीत निघाली होती. कानो पुढे अध्यापन-विद्यालयाचे प्राचार्य झाले, आणि ज्युदोच्या एकंदर रचनेत मला योद्ध्यापेक्षा हा शिक्षकच अधिक दिसतो: जुजुत्सुतले जे डाव जिवावर बेतणारे, ते त्यांनी मोकळ्या सरावातून काढून केवळ ठराविक क्रमाच्या प्रात्यक्षिकांपुरते ठेवले, आणि उरलेल्यांची अशी संगती लावली की नवख्याने प्रथम स्वतःला सावरावे व मगच दुसऱ्याला हात घालावा.

जपानच्या प्रवासात तास-दोन तासांचा ज्युदोचा पाठ घेऊ इच्छिणाऱ्यास हा क्रम बहुधा निराश करतो. तो येतो प्रतिस्पर्ध्याला खांद्यावरून भिरकावण्याची स्वप्ने घेऊन. आणि त्याला शिकवले जाते ते पडणे. त्याआधीही शिरस्ता मोठा आहे. पादत्राणे चटईच्या कडेला काढायची, अंगठी-साखळी उतरवायची. जाड सुती अंगरख्याची डावी बाजू उजवीवर घ्यायची (उलट नेसवतात ते प्रेताला, त्यामुळे ही चूक शिक्षक तत्काळ दुरुस्त करतात). गुडघ्यांवर बसून वंदन करायचे. कोल्हापुरी तालमीत उतरण्यापूर्वी मातीला हात लावून तो कपाळी नेणारा मल्ल जे जाणतो, तेच इथे चटईपाशी निराळ्या रीतीने पाळले जाते.

मग उताणे पडणे. प्रथम निजूनच, मग बसून, मग उकिडवे होऊन, आणि शेवटी उभ्याने: हनुवटी छातीशी घट्ट, दृष्टी कमरेच्या पट्ट्यावर, श्वास सोडलेला, आणि पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात, शरीरापासून थोड्या अंतरावर, तळव्यापासून कोपरापर्यंत सपाट, चटईवर आपटलेले. यामागील कारण साधे आहे. हनुवटी छातीशी असली की डोक्याचा मागचा भाग जमिनीवर आदळत नाही, आणि आघात एका मनगटावर किंवा कोपरावर न येता विस्तृत पृष्ठभागावर विभागला जातो. पडणाऱ्या मनुष्याची जी उपजत ओढ असते, म्हणजे हात पुढे टेकून स्वतःला वाचवण्याची, तीच त्याचे मनगट मोडते, आणि म्हणून ती ओढच मोडून काढावी लागते.

मराठी मनाला येथे आणखी एक अडचण असते. आमच्या कुस्तीत पाठीला माती लागली की डाव संपला. चितपट होणे ही नामुष्की, आणि ती टाळण्यासाठी मल्ल मान मोडेपर्यंत पूल बांधून राहतो. ज्युदोच्या सामन्यातही जोराने, वेगाने व नियंत्रणपूर्वक पाठीवर टाकले की एका फटक्यात निकाल लागतो. परंतु सरावात तीच पाठ शेकडो वेळा आपण होऊन चटईला द्यावी लागते, आणि अशा पराभवाचे वैषम्य वाटेनासे झाल्याखेरीज शरीर सैल पडत नाही. पाठाच्या अखेरीस एखादा सोपा डाव, बहुधा पायात पाय अडकवून पाडण्याचा, दाखवतात. त्यातही प्रतिस्पर्ध्याचा तोल आधी ढळवायचा, नंतर आपण जागा घ्यायची आणि मगच पाडायचे, हा कानोंचा दंडक सुटत नाही. कोणी आवळून धरले व सोसेनासे झाले तर दोनदा थोपटावे, म्हणजे पकड तत्क्षणी सुटते.

जाणाऱ्याने नखे कापून व पोट हलके ठेवून जावे; मान, पाठ किंवा गुडघ्याची जुनी तक्रार असल्यास ती आधीच सांगावी, आणि प्रवासविम्याच्या करारात अशा खेळातील दुखापत वगळलेली तर नाही ना, याची खातरजमा करून मगच कबुलायतीच्या कागदावर सही करावी. आणि पडणे न शिकवताच पहिल्या तासाला फेकण्याचे डाव दाखवून छायाचित्रे काढून देणारा शिक्षक भेटला, तर त्याच्याकडे दुसऱ्यांदा फी भरू नये.