टेबलाखालचे मानधन : अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमधील गुप्त आर्थिक व्यवहार

प्रस्तावना :
अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल (हा आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे, यात अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावतात) हा मोठ्या उलाढालीचा व्यवसाय आहे. काही विद्यापीठांच्या मैदानांवर लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. मात्र ज्यांच्या खेळावर हे उत्पन्न उभे राहिले, त्यांना नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन (एनसीएए) या संस्थेने दीर्घकाळ 'हौशी' मानले. १९५६ पासून शिक्षणशुल्क, निवास, भोजन व पुस्तके एवढ्यापुरती क्रीडा शिष्यवृत्ती मान्य झाली. त्यापलीकडील रक्कम हा नियमभंग ठरे.

'विद्यार्थी-खेळाडू' ही संज्ञाही निर्हेतुक नव्हती. जखमी खेळाडू कामगार ठरून नुकसानभरपाई मागेल, या भीतीतून ती रूढ केली गेली, हे एनसीएएचे पहिले कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनी १९९५ मधील आपल्या पुस्तकात मान्य केले आहे.

व्यवहाराचे स्वरूप :
पैसा बंद झाला नाही, त्याची वाट बदलली. 'बूस्टर' म्हणजे संघाचे धनाढ्य पाठीराखे, बहुधा माजी विद्यार्थी. शालेय वयातील गुणी खेळाडूला आपल्या विद्यापीठाकडे वळविण्यासाठी ते रोख रक्कम, मोटार, घरभाडे किंवा नाममात्र कामाचे वेतन देत. या व्यवहाराला ना पावती, ना करार. दिलेला शब्द मोडला तर खेळाडूस दाद मागता येत नसे. तक्रार करणे म्हणजे स्वतःची खेळण्याची पात्रता गमावणे.

डॅलस येथील सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९८५ मध्येच विद्यापीठावर निर्बंध लादले गेले होते. तरीही १९८५-८६ मध्ये तेरा खेळाडूंना सुमारे ६१,००० डॉलर देण्यात आले, असे एनसीएएला आढळले. २५ फेब्रुवारी १९८७ रोजी १९८७ चा संपूर्ण हंगाम रद्द करण्यात आला. १९८८ मध्ये विद्यापीठाने स्वतःहून संघ उतरविला नाही. पुढच्याच महिन्यात टेक्सासचे गव्हर्नर बिल क्लेमेंट्स यांनी कबुली दिली की, विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष असताना, आधी दिलेली आश्वासने पाळण्यासाठी ही देणी चालू ठेवण्यास त्यांची संमती होती. नियम मोडणाऱ्यांनाही शब्द मोडणे प्रशस्त वाटले नाही, हा यातील विलक्षण भाग! पैसे न घेतलेल्या खेळाडूंनाही मात्र दुसरे विद्यापीठ शोधावे लागले. 'मृत्युदंड' म्हणून ओळखली जाणारी ही शिक्षा त्यानंतर पहिल्या श्रेणीतील कोणत्याही फुटबॉल संघाला झालेली नाही.

नियमबदल व नंतर :
२०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात शिक्षणाशी निगडित लाभांवरील मर्यादा एकमताने बेकायदा ठरविल्या. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव व छबी यांच्या जाहिरातीचे उत्पन्न घेता येऊ लागले. पूर्वीचे बूस्टर आता 'कलेक्टिव्ह' नावाच्या गटांतून उघडपणे पैसे देऊ लागले. पुढे जुलै २०२५ पासून विद्यापीठांनाही वार्षिक सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरच्या मर्यादेत खेळाडूंना थेट वाटा देण्याची मुभा मिळाली.

सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे रेजी बुश यांचे प्रकरण थोडे निराळे. त्यांना व कुटुंबाला लाभ देणारे बूस्टर नव्हते, तर क्रीडा-विपणनात उतरू पाहणारे लोक होते, असा एनसीएएचा निष्कर्ष होता. २०१० मध्ये बुश यांनी २००५ चा हाइझमन पुरस्कार सोडला. एप्रिल २०२४ मध्ये, बदललेल्या परिस्थितीचा दाखला देत, पुरस्कार देणाऱ्या न्यासाने तो त्यांना परत केला. विद्यापीठाचे रद्द ठरविलेले विजय मात्र त्या वेळी परत मिळाले नाहीत.