शस्त्रक्रियेपूर्वींची रक्तपरीक्षा

बीजांडकोशावर गांठ असल्याचें कळलें कीं घरांतील वडील मंडळींचा पहिला प्रश्न 'शस्त्रक्रिया केव्हां?' हा असतो. आमच्या मतें त्याआधीं 'ती कोणाकडून?' हें विचारलें पाहिजे. बहुतेक गांठी निरुपद्रवी असतात; परंतु एखादी कर्करोगाची असून काढतांना पोटांतच फुटली, तर मर्यादित रोगही वरच्या पायरीचा गणला जातो. म्हणून जेथें शंका, तेथें कर्करोगाच्या शस्त्रक्रियेंत मुरलेला स्त्रीरोगतज्ज्ञच हवा.

ही शंका किती धरावी, हें ठरविण्यास रक्तपरीक्षा साहाय्य करते. अमेरिकेंत डॉ. रॉबर्ट बास्ट व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८१ सालच्या संशोधनांतून सीए-१२५ या द्रव्याची परीक्षा निघाली. दर मिलिलिटरास ३५ एककांपर्यंतचें प्रमाण सामान्य समजतात. मात्र हा आंकडा मोठा लबाड आहे! मासिक पाळी, गर्भारपण, गर्भाशयांतील साध्या गांठी, इतकेंच काय, पोटाचा क्षयही तो चढवितो. उलट, आरंभींच्या अवस्थेंतील कर्करोगाच्या सुमारें निम्म्या रुग्णांत तो चढतच नाहीं.

याकरितां १९९० सालीं इंग्लंडांत जेकब्स प्रभृतींनीं एक सोपा गुणाकार सुचविला. सोनोग्राफींत संशयास्पद लक्षण एकच असल्यास १, अधिक असल्यास ३. पाळी चालू असल्यास १, गेली असल्यास ३. आणि या गुणांस सीए-१२५ च्या आंकड्यानें गुणावयाचें. उत्तर २०० च्या वर गेल्यास धोका अधिक. सीए-१२५ चा आंकडा ४० असला, तर एकच लक्षण असलेल्या तरुण सुनेचें उत्तर ४० च राहील. पाळी गेलेल्या सासूबाईंचें, लक्षणें दोन असल्यास, ३६० होईल. पुढें एचई-४ हें द्रव्य जोडून 'रोमा' ही परीक्षाही प्रचारांत आली.

गांठ किंवा त्रास कांहींच नसतां, निव्वळ हौसेखातर, ही परीक्षा करूं नये. ब्रिटनमधील सुमारें २ लाख स्त्रियांच्या पाहणीचा २०२१ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, सरसकट तपासणीनें या रोगाचे मृत्यु कमी झाले नाहींत.

त्रास अंगावर काढणें ही निराळी गोष्ट. पोट फुगणें, दोन घासांतच पोट भरणें, वारंवार लघवीस लागणें, यांस आमच्या घरांतील बायका 'वायु' म्हणतात आणि ओवा चघळून पुन्हां कामास लागतात. पन्नाशी उलटल्यावर हें सतत होऊं लागल्यास डॉक्टरांस दाखवावें, आणि आई, मावशी वा बहिणीस स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग झाला असल्यास तेंही सांगावें. आत्याबाईंस विसरूं नये. हा वारसा पित्याकडूनही येतो.