जुन्या जीपचा जोड

टाय रॉड म्हणजे जीपची पुढची चाके वळवणारा दांडा. त्याचे टोक नांदेड-लातूरच्या भंगारात मिळाले, बसलेही, तरी चालेलच असे नाही. महिंद्रांनी १९४० च्या दशकाअखेर विलिस जीप जोडायला घेतली. पुढे मॉडेले बदलली, पण पुष्कळ सुटे भाग दिसायला भावाभावांसारखे.

आधी आटे पाहा. दांड्याच्या एका टोकाला उजवे, दुसऱ्याला डावे. म्हणून तर दांडा फिरवून चाकांची तोंडे जुळवता येतात. मग निमुळती खुंटी. तिला शाई लावून आर्मच्या भोकात बसवा. शाई सगळीकडे उमटली तर जोड आपला. एकाच कडेला उमटली, तर नट कितीही आवळा, खुंटी भोक खातेच. पत्र्याची पाचर मारून भागवणारे आहेत. पण जोड निसटला की स्टिअरिंग हातात नि गाडी नाल्यात, बरे का! स्प्लिट पिन मात्र नवीच घाला.